अडीचची बी चढंना

"आधी त्या बांगड्या काढा!" मी ओरडलेच. रुखसानाच्या मनगटात त्या रुतून बसल्या होत्या. बोटं फुगलेली, पापण्या सुजलेल्या. आणि तिची सासू शमीमबी मला कौतुकानं सांगत होती, "डाक्टरीणबाई, पोरीनं अंग लई धरलंय. सव्वादोनची बांगडी व्हायची तिला. आता अडीचची बी चढंना."

शमीमबीचा ढोकीच्या बाजारात बांगड्यांचा गाडा. बाईचा हात नुसता दाबून ती माप सांगते. आठव्या महिन्यात सुनेचं माप भराभर वाढत होतं आणि ही खूश होती. सून भरलेली दिसतेय, आणखी काय हवं!

दोघी माझ्या दवाखान्यात आल्या होत्या ॲसिडिटीची गोळी मागायला. छातीखाली दुखतंय, डोकं ठणकतंय, एवढंच. मी बीपीचा पट्टा बांधला. आकडा बघून वाटलं, मशीन बिघडलं. दुसरं आणवलं. तेच. एकशे नव्वद, एकशे वीस.

"डोळ्यापुढं काही दिसतं का गं?"

"काजवे चमकल्यागत व्हतंय," रुखसाना म्हणाली.

"आधी कुठं दाखवलं नाही?"

"दाखवलं की!" शमीमबी फणकारली. "शहरातल्या क्लिनिकात. मागच्याच हप्त्यात सोनोग्राफी केली. सगळं नॉर्मल हाय म्हनले."

"आणि दंडाला असा पट्टा बांधला होता का?"

दोघींनी एकमेकींकडं पाहिलं. "न्हाय बा. पोटावर मशीन फिरवली, बाळ दावलं, झालं."

अहो, सोनोग्राफी बाळ दाखवते, आईचं बीपी नाही दाखवत! गर्भारपणात पाय थोडे सुजतात. पण हात-तोंड सुजलं, डोकेदुखी थांबेना, काजवे दिसू लागले, तर आधी बीपी बघायचं. याला आम्ही प्री-एक्लॅम्प्सिया म्हणतो. त्यात झटके आले की आई आणि बाळ, दोघंही हातचे जाऊ शकतात.

झटके येऊ नयेत म्हणून मॅग्नेशियमचं इंजेक्शन द्यायचं होतं. पण सुजलेल्या हातात सलाईनला शीर सापडेना. बांगड्या निघेनात. साबण झाला, तेल झालं. छे!

"फडकं गुंडाळून फोडते," सिस्टर म्हणाली.

"फोडायच्या न्हाईत!" शमीमबी आडवी आली. "भरल्या दिवसांत अपशकुन हाय. माझ्या लेकावर येईल."

"शमीमबी, बांगड्या राहतील, सून राहणार नाही!" मी खेकसले.

मग तिनंच सुनेचा हात धरला, फडकं गुंडाळलं आणि एकेक बांगडी फोडली. सवयीनं मनगट दाबलं. बोट टेकलं तिथं खड्डा पडला, तो भरून येईना.

"या अल्ला," ती म्हणाली, "हे तर पानी हाय. आन् म्या मांस समजून बसले."

शीर सापडली, इंजेक्शन गेलं. तरी सिझरला नेताना एक झटका आलाच. पण वाचल्या, मायलेकी दोघीही. मुलगी चिमुकली होती, काही दिवस काचेच्या पेटीत राहिली.

मी त्या क्लिनिकला फोन केला. डॉक्टर म्हणाले, "मॅडम, रश फार असतो. पेशंटला सोनोग्राफीच हवी असते." पट्टा बांधायला मिनिट लागतं, कपाळ!

परवा बाजारात शमीमबीच्या गाड्याशी थांबले. एका गरोदर पोरीचा हात दाबून ती म्हणत होती, "माप वाढलंय गं तुझं. आधी पट्टा बांधून ये. बांगडी मागनं भरते."

बांगड्यांच्या गाड्यावर आता बीपीची चौकशी होते. क्लिनिकात कधी होणार, ते मला विचारू नका.