वरचा खळगा

तमाशाच्या फडात चाळीस वर्षं मी राजा झालो, चोर झालो; पण शेजारच्या मच्छिंद्रसमोर साधा निश्चिंत चेहरा काही वठेना.

त्याच्या राहू गावच्या जत्रेत पोरसवदा मच्छिंद्र आमचा पडदा ओढायचा. पुढे कुरकुंभच्या औषध कारखान्यात त्यानं पाळ्या केल्या. तिथं गार केलेल्या नितळ द्रावणात चिमूटभर भुकटी टाकली, की स्फटिक धरून अख्खी टाकी पांढरी होऊन जाते. "आप्पा, तुमच्या एंट्रीसारखं हाय बघा," म्हणायचा.

गेल्या वर्षी त्याच्या यकृतात गाठ निघाली. उपचारानंतर आजार स्थिर होता, पण डॉक्टरांनी त्याच्या बायकोला, ललिताला, बाजूला घेऊन सांगितलं: ही नुसती उसंत आहे. त्याला यातलं काही सांगायचं नाही, अशी ललितानं मला आणि लेक करुणाला शपथ घातली. मच्छिंद्र मात्र राहूतल्या म्हाताऱ्या आईला, भामाबाईला, फोनवर सांगत राही, "बरा झालो की येतो."

करुणा पुण्यात विश्वाच्या भौतिकशास्त्रावर प्रबंध लिहीत होती. सुट्टीत आली, तेव्हा ओट्यावर माझ्या शेजारी बसून मच्छिंद्रनं विचारलं, "नक्की काय शिकतीस गं? समजंल असं सांग."

"पप्पा, रिकामी जागासुद्धा रिकामी नसते. तिच्यात क्षेत्र असतं, खळग्यात बसल्यासारखं. आपल्याला वाटतं, हाच तळ. पण शेजारी याहून खोल खळगा असला, तर कधीतरी एका ठिकाणी क्षेत्र मधला उंचवटा भेदून पलीकडे जातं. तिथं बुडबुडा होतो. लहान असला तर विरतो. पुरेसा मोठा असला तर जवळजवळ प्रकाशाच्या वेगानं पसरतो. आत जुनं काही उरत नाही."

"आमची टाकीच की! पर भुकटी कोण टाकतं?"

"कुणीच नाही. आपोआप."

"कवा?"

"सांगता येत नाही. खोल खळगा आहे की नाही, हेही पक्कं नाही. असला तरी बहुधा कल्पनेपलीकडची वर्षं जातील."

"तवर समदं स्थिरच दिसतं."

"हो."

तो हसला. "डॉक्टरबी मला स्थिरच म्हणतोय. आप्पा, खाली का बघताय? स्टेजवर कवा बघितलं न्हाई ते!"

ललिता दारातून म्हणाली, "दमलाय तुम्ही. आत चला."

"थांब गं. करुणे, प्रबंधात बरं वाटंल ते लिहितीस, का खरं ते?"

करुणानं आईकडे पाहिलं. मग बापाचा हात धरला. "तुमच्या बाबतीत खळगा आहे, पप्पा. आणि लांब नाही."

ललितानं तोंडाला पदर लावला. मच्छिंद्र म्हणाला, "मग मला उद्या राहूला न्या."

आम्ही नेलं. भामाबाईनं त्याच्या गालावरून हात फिरवला. "झालास का रं बरा?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. या वेळी मी मान खाली घातली नाही.

"न्हाई, आई."