गोमतीच्या पाण्यावर मोडलेली आरती

घरचा दीड दिवसाचा गणपती विसर्जन करून आम्ही तिघं साताऱ्याहून निघालो: मी, हे आणि आमची नीला. सांगायला लखनौ बघायला, खरं म्हणजे मुलगा बघायला. रीत उलटी आहे हे मलाही कळत होतं. पण श्रीकांत दामले हा मुलगा तिकडंच वाढलेला, तिथल्या एका संशोधन संस्थेत नुकताच लागलेला, त्याला रजा मिळेना. वडील वारलेले, आई एकटी इतक्या लांब कशी येणार? आणि यांचं म्हणणं असं की, पोरीला परमुलखात द्यायची तर घर आणि माणसं आपल्या डोळ्यांनी बघावीत. फोटोवरून बैलसुद्धा कोणी विकत घेत नाही.

पत्रिका जुळली होती, शिक्षण जुळलं होतं. नीलानं मात्र फोटो बघून ना हो म्हटलं, ना नाही. "माणूस बघितल्यावर सांगीन," एवढंच. एकुलती एक मुलगी. तिच्या मनात काय आहे ते मला कळेना.

कल्याणला गाडी बदलली आणि प्रवासी नावाच्या प्राण्याचं दर्शन सुरू झालं. आमच्या राखून ठेवलेल्या बाकावर एक गृहस्थ पाय पसरून शेंगा खात होते, टरफलं आमच्या वळकटीवर. उठा म्हटलं तर "अ‍ॅडजस्ट कर लीजिए." हे इटारसीपर्यंत त्यांच्याशी भांडले, आणि इटारसीला गृहस्थ आपणहून उतरून गेले, कारण त्यांना तिथंच उतरायचं होतं. झाशीनंतर डब्यातली भाषा मऊ झाली. माणसं "माफ़ कीजिएगा" म्हणून ढकलायला लागली. धक्का तोच, फक्त तूप लावलेला.

चारबाग स्टेशनवर माझी मावसबहीण कुसुम आणि तिचे यजमान भाऊसाहेब घ्यायला आले होते. स्थळ कुसुमनंच सुचवलेलं. निशातगंजात त्यांचं घर. वीस वर्षं तिकडं राहून कुसुमचं मराठी खिचडी झालं आहे. "अगं, सब्जी कोणती करू? अच्छा, आधी चहा घे यार," असं ती मला म्हणाली, तेव्हा यांनी माझ्याकडे बघितलं. मी दुसरीकडे बघितलं.

भाऊसाहेब तिथल्या महाराष्ट्र मंडळाचे चिटणीस. इतका गोड माणूस मी पाहिला नाही. कुणाला नाही म्हणणं त्यांच्या जिभेला जमतच नाही. दारावर आलेल्या विक्रेत्यालासुद्धा ते "आज रहने दीजिए, बड़ी मेहरबानी होगी" असं विनवत होते.

दुसऱ्या दिवशी श्रीकांत आम्हाला चौक नावाच्या तिथल्या जुन्या बाजारात फिरवायला घेऊन गेला. अरुंद गल्ल्या, दोन्हीकडे चिकनच्या (पांढऱ्या दोऱ्यानं केलेल्या नाजूक भरतकामाच्या) कपड्यांची दुकानं, मध्येच कढईतून निघणारे खस्ते (खुसखुशीत कचोऱ्या). त्यावरच्या बटाट्याच्या रश्श्यानं माझ्या डोळ्यांतून पाणी काढलं. मुलगा उंच, सावळा, आणि घुमा. मराठी सगळं समजे, उत्तर मात्र हिंदीत, तेही दोन शब्दांत. नीलाशी तर तो चकार शब्द बोलला नाही. रस्त्यात एक सांड आडवा आला तेव्हा फक्त "इधर से" म्हणाला.

घरी आल्यावर यांनी निकाल दिला, "पोरगा तोंडात मिठाची गुळणी धरून बसतो. संसार काय खुणांनी करायचा?"

"बघू या," नीला म्हणाली.

अनंत चतुर्दशीला मंडळाच्या गणपतीचं विसर्जन होतं. दरवर्षी घाटावर आरती करायची आणि चार माणसांनी नावेतून मूर्ती मधल्या पाण्यात सोडायची, अशी तिथली पद्धत. यंदा गोमतीला पाणी चढलेलं. चौकामागच्या घाटाच्या पायऱ्या बुडाल्या होत्या, वरच्या काठावर नुसता चिखल. सगळे काठावर अवघडून उभे असताना आमचे हे पुढं झाले. "मग आरती नावेतच करू की! गंगेत करतात, तशी गोमतीत." साताऱ्यात आमच्या आळीतली कुठलीही आरती यांच्या खड्या आवाजाशिवाय सुरू होत नाही. पाहुण्याचा शब्द, तोही सोयरीक जुळू घातलेल्या. भाऊसाहेब म्हणाले, "वा, उत्तम कल्पना."

झालं. चार माणसांऐवजी अख्खं मंडळ नावेकडे निघालं. आणि मग जे सुरू झालं, ते कल्याणच्या गाडीला लाजवणारं. कुणी लांबूनच रुमाल टाकून फळीवर जागा धरली. कुणी पर्स ठेवली. एका मोठ्या अधिकाऱ्याच्या बायकोला सावलीतलीच जागा हवी होती, म्हणून आधी बसलेल्या दोन म्हाताऱ्या उठवल्या. एक गृहस्थ समोरच्या फळीवर बुटासकट पाय ठेवून पेरू खात होते. नाव मोठी होती, पण मल्लाह (नावाडी) केव्हापासून हात जोडत होता, "बस बाबूजी, अब और नहीं." भाऊसाहेब त्याला मान डोलावत, आणि पुढचा माणूस आला की त्यालाही मान डोलावत, "या, या, होईल जागा." श्रीकांत आईला बसवून सर्वांत मागं वल्ह्याजवळ बसला होता. "भाऊसाहब, दूसरा फेरा कर लेंगे," तो एकदा म्हणाला. भाऊसाहेबांनी हसून त्यालाही मान डोलावली.

नाव सुटली तेव्हा तिची कड पाण्यापासून वीतभर वर होती. नीला कडेलाच बसलेली. मला नीट पोहता येत नाही, यांना मुळीच नाही, आणि नीला विहिरीलासुद्धा भिते. गढूळ पाणी फळीला घासून जाताना आवाज करत होतं. मी मनातल्या मनात गणपतीला म्हटलं, बाबा, तुझं तू जा, आम्हाला मागं पाठव.

मधल्या प्रवाहात मल्लाहानं नाव कशीबशी स्थिर केली. मूर्ती पुढच्या टोकाला पाटावर होती. हे तबक घेऊन उठले आणि त्यांनी आरती उचलली. आता मला सांगा, आरती सुरू झाल्यावर कुठला मराठी माणूस बसून राहील? आयुष्यात कधी बसून आरती म्हटली आहे का कुणी? एकामागून एक सगळे उठले. टाळ्या, झांजा. नाव डुलायला लागली.

"बैठ जाइए साहब, मेहरबानी करके बैठ जाइए," मल्लाह मागून ओरडत होता. भाऊसाहेब मागच्या मागं कुजबुजले, "जरा बसून घेता का मंडळी?" पण झांजांपुढं त्यांचं कोण ऐकणार? शिवाय आरती चालू असताना मध्ये बोलू नये, हे आपल्या हाडीमासी खिळलेलं. मीसुद्धा उभी होते. नीला तेवढी बसून होती, दोन्ही हातांनी फळी धरून. मी तिला डोळ्यांनी दटावलं, ऊठ म्हणून. मुलाची आई बघते आहे! तिनं मान हलवली आणि ती जागची हलली नाही.

गणपतीची झाली, देवीची झाली, शंकराची सुरू झाली. डावी कड आता पाण्याला टेकत होती.  आणि तेव्हा आरत्या संपल्या की काय येतं, ते मला आठवलं. प्रार्थना म्हणत जो तो स्वतःभोवती गिरकी घेणार! इतकी माणसं, एकाच वेळी, डोळे मिटून. मी "अहो" म्हणाले. त्यांना ऐकू गेलं नाही. ते रंगले होते. शेवटची आरती संपली, त्यांनी प्रार्थनेचा सूर लावला आणि गिरकीसाठी पाय उचलला.

तेवढ्यात मागून श्रीकांत आला. वाकून, लोकांना बाजूला सारत, कुणाच्या तरी फराळाच्या पिशवीवर पाय देत. तो थेट यांच्यापाशी गेला, दोन्ही खांदे धरले आणि यांना खाली दाबून फळीवर आपटलं म्हणा ना. तबक खणकन पडलं. निरांजनं विझली.

"बैठो!" तो ओरडला. "सब बैठो! अभी!"

गाणारा बसला तसे सगळे मटकन बसले. नाव एका अंगाला गेली, पाणी आत आलं, नीलाच्या मांडीवरून वाहिलं, मग नाव दुसऱ्या अंगाला गेली आणि तिकडूनही आलं. कुणी ओरडलंसुद्धा नाही. मी नीलाचा पदर मुठीत धरून ठेवला होता. हळूहळू नाव सरळ झाली. मल्लाह "या अली" म्हणाला आणि डबा घेऊन पाणी उपसायला लागला.

जीव वाचला म्हणून कुणी आनंदलं असेल, असं वाटतं का? छे. पहिला शब्द आला तो असा: "आरती मोडली." दुसरा, "दिवा विझला. तोही सोयरिकीच्या वेळी." श्रीकांतची आई सुमतीबाई तोंडाला पदर लावून रडू लागल्या. कुसुम माझ्या कानाशी लागली, "इथं मुलं रिक्षावाल्यालासुद्धा 'बैठिए' म्हणतात गं. आणि यांना 'बैठो'!" यांचा चेहरा लाल झाला होता. कॉलर एका बाजूला ओढलेली, टोपी पाण्यात. ते कुणाकडेही बघेनात.

नीलानं तळाच्या पाण्यातून तबक उचललं. कुणाकडून तरी काड्यापेटी घेऊन तिनं निरांजन पुन्हा लावलं. चार काड्या वाया गेल्या. मग ते यांच्यापुढं धरलं. "बाबा, बसूनच पुरी करू."

त्यांनी तबक घेतलं. प्रार्थना पुरी झाली, पण आवाज लागला नाही. मूर्ती दोघांनी बसूनच पाण्यात सोडली.

त्या संध्याकाळी हे जेवले नाहीत. "उद्याच्या गाडीनं निघायचं. चारचौघांत मला पोत्यासारखा खाली आपटला. हा घरचा जावई?" मलाही राग होता, पण तो निराळा. माझी पोर कडेला बसली होती, पाण्याला लागून. तो तिच्या जवळून पुढं गेला आणि त्यानं तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. धक्के मारायला वडील सापडले, वाचवायला मुलगी नाही दिसली? रात्रभर हेच डोक्यात.

सकाळी सुमतीबाई मुलाला घेऊन आल्या. भाऊसाहेबांनी त्याला आधी बाजूला घेऊन माफीचं पढवलं असावं, कारण ते त्याच्या मागं उभं राहून खुणा करत होते. श्रीकांतनं यांना वाकून नमस्कार केला आणि पहिल्यांदाच मराठीत बोलला. अडखळत, एकेक शब्द शोधत.

"काका, हात लावला. त्याचं वाईट वाटतं. बसवलं, त्याचं नाही वाटत."

"म्हणजे माफी नाही?" हे म्हणाले.

"तुम्ही पुन्हा उभे राहिलात तर मी पुन्हा बसवीन."

सुमतीबाईंनी डोळे मिटून घेतले. भाऊसाहेबांचं हसू चेहऱ्यावर तसंच अडकून राहिलं. मला राहवेना. मी विचारलं, "नीला अगदी कडेला होती. आधी तिच्याकडे का नाही आलास?"

त्याला प्रश्नच कळला नाही, असं त्यानं बघितलं. मग म्हणाला, "मौसीजी, ती तर बसलेली होती. पूरी नाव में बस वही एक बैठी थी." आणि थोडं थांबून, "काका बसले असते तर सगळे बसले असते. म्हणून काकांकडे गेलो."

मी नीलाकडे बघितलं. ती खिडकीबाहेर बघत होती, पण कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. माझी मुलगी मला पाठ आहे. मला माझं उत्तर मिळालं. आता भीती उरली ती यांच्या उत्तराची.

 त्यांनी चहा घेतला, रेवड्यांचं पुडकं घेतलं, आणि आम्ही चारबागला आलो. गाडी सुटली तरी हे गप्प. कानपूर गेलं, झाशी गेली. एका माणसानं त्यांच्या बाकावर पाय ठेवले तरी ते भांडले नाहीत, आणि त्याचीच मला जास्त धास्ती वाटली. नीलानं पुस्तक उघडलं होतं, पान उलटत नव्हती. बाप नको म्हणाला असता तर ती हट्ट करणाऱ्यातली नाही. मुकाट दुसऱ्या कुणाची तरी झाली असती, आणि मी ते आयुष्यभर बघत बसले असते.

आपण चांगल्या वागणुकीचा केवढा डांगोरा पिटतो! त्या नावेत सगळेच सभ्य होते. पाहुण्याला नाही म्हणायचं नाही, येणाऱ्याला परत पाठवायचं नाही, आरतीत मध्ये बोलायचं नाही. एकेक रीत बावनकशी, आणि त्या सगळ्या मिळून आम्हाला बुडवायला निघाल्या होत्या. हे मी मनात म्हणत होते. यांना म्हणायची छाती नव्हती.

साताऱ्याला उतरलो. टांगा आळीच्या तोंडाशी थांबला तर शेजारचे नाना जोशी ओट्यावरच बसलेले. सामान खाली उतरायच्या आत त्यांनी हाक मारली, "काय, बघितला का मुलगा? कसा आहे?"

नीला जागच्या जागी थबकली. हे टांग्यातून उतरले, त्यांनी सदऱ्याची कॉलर सारखी केली.

"उद्धट आहे," ते म्हणाले. "वडीलधाऱ्या माणसाला चारचौघांत खांदे धरून खाली बसवतो. माफी माग म्हटलं तर मागत नाही."

"अरेरे," नाना म्हणाले. "मग नकार देऊन आलात?"

"नकार कशाला? तुळशीच्या लग्नानंतरचा मुहूर्त बघायचाय." त्यांनी वळकटी खांद्यावर घेतली. "तिकडची माणसं फार गोड आहेत, नाना. पोरीजवळ एक तरी उद्धट माणूस पाहिजे."