व्याह्यांचं विहिरीचं पाणी

आजाराला गाव विचारणारा माणूस अख्ख्या सोलापुरात एकच, आमचे व्याही. शुक्रवार पेठेत त्यांचं कापडाचं दुकान होतं. सकाळी गादीवर बसले की जेवायलाच उठायचे. तागा नोकराने काढायचा, घडी नोकराने घालायची, नाकावर माशी बसली तरी नोकरानेच हाकलायची. त्यांना मधुमेह झाला तेव्हा त्यांनी सगळा दोष पेठेला दिला. गल्लीतल्या निम्म्या दुकानदारांना तोच आजार, आणि आमच्या सांगोल्यात मेंढरांमागं फिरणारे म्हातारे काटकुळे नि धडधाकट. "विहीणबाई, तुमच्या पाण्यातच औषध हाय," ते म्हणायचे. मी म्हणायची, हितं साखर खायला मिळती कुटं. ते त्यांना ऐकू येत नसे.

डॉक्टरांनी रोज सुई टोचून घ्यायला सांगितली. व्याही सुईला इतके भ्यायचे की बटण तुटलं तर सदरा बदलत. महिन्याची मुदत मागून ते एसटीने थेट माझ्या दारात आले, पाणी प्यायला. दुष्काळाचं वर्ष. आम्ही टँकरच्या रांगेत, आणि हे पाहुणे पाण्याचे. मी सांगितलं, टँकरचं पाणी बाहेरगावचं, त्याला गुण नाही. गुण माळापलीकडच्या विहिरीला, तोही ज्याचं त्याने शेंदून आणलं तरच. साफ खोटं. पण व्याही धोतर खोचून रोज निघत, आणि कळशी खांद्यावर घेऊन धापा टाकत परत येत. घरात भाकरी नि पातळ कालवण, दुसरं होतंच काय?

महिन्याने डॉक्टरांनी लघवी निळ्या औषधात उकळली. साखरेमुळे दर वेळी विटकरी होणारी ती निळीच राहिली. सुई टळली. व्याह्यांनी गल्लीभर सांगोल्याचा डंका पिटला, आणि एसटीने पाण्याचे डबे मागवून गादीवर बसून पिऊ लागले. दिवाळीपर्यंत रंग पुन्हा विटकरी, आणि सुई आलीच.

मग मी खरं सांगितलं. "पावणं, गुण पाण्याला नव्हता, तुमच्या पायास्नी होता."

त्यांनी पाण्याचा डबा बाजूला सारला. मग म्हणाले, "आदी सांगितलं असतं तर मी चाललो असतो व्हय?"

पुढे व्याही वारले. आता मी लेकीकडे शुक्रवार पेठेतच असते. नळ घरात, मोरी हाताशी. परवा माझीही लघवी विटकरी झाली. लेक म्हणते, आई, रोज चालत जा. जाईन की. पण कळशीशिवाय नुसतंच चालायची मला लाज वाटते.