'आमी' म्हणजे नेमकं कोण?

मंडळी, आज दुपारी माझी जुनी विद्यार्थिनी पूजा हिची परदेशातल्या फेलोशिपसाठी ऑनलाइन मुलाखत झाली. सॉफ्टवेअर घडवण्याच्या नव्या पद्धतींचं प्रशिक्षण आहे. कळमनुरीत तिच्या घरी नेट टिकत नाही, म्हणून ती हिंगोलीला माझ्याकडे आली होती.

बाजारभावाचं ॲप तिनं एकटीनं बनवलंय. तरी प्रत्येक उत्तरात ती इंग्रजीतून "आम्ही केलं" म्हणत राहिली. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी शेवटी विचारलं, "मग यात तुमचं काम कोणतं?"

"आम्ही सगळंच केलं."

बाईंनी आभार मानून मुलाखत संपवली.

"काहून गं आमी-आमी करून राहिली होतीस?" मी विचारलं.

"मॅडम, घरी मी-मी केलं की आई म्हणते, शेळी हाईस का?"

हसू आलं, आणि एकदम थकवाही. सराव मीच घेतला होता. तेव्हाही ती 'आम्ही'च म्हणत होती, पण मला ते खटकलं नाही, कारण एकटी असले तरी मीही 'आमी'च म्हणते.

आता त्या बाईंना खुलाशाचा मेल पाठवायचाय. "हे मी एकटीनं केलं" एवढं वाक्य ती लिहिते आणि खोडते. आत्ता म्हणाली, "मॅडम, तेवढं तुमीच लिहा ना."

तिचं 'मी' मी लिहून द्यावं का? तुम्ही काय केलं असतं?