वन्संनी वर केलेला हात

वन्सं माझ्यापेक्षा वयानं लहान, पण नवऱ्याची बहीण म्हटल्यावर मान मोठा. घरात सगळे त्यांना ठमी म्हणत, मी मात्र लग्न झाल्यापासून वन्संच म्हणत आले. आईबाप लवकर गेले, तेव्हा ह्यांनीच त्यांना वाढवलं, वेण्यासुद्धा घातल्या. वाकड्या घालायचे, असं वन्सं सांगत.

हे विद्यापीठात बॉयलरवर होते. भट्टीत कोळसा टाकायचा, वसतिगृहांना गरम पाणी पोचवायचं. "मी एक दिवस बसलो, तर प्रोफेसर पारोसे शिकवतील," असा ह्यांचा रुबाब. वन्संचा नवरा गेला तेव्हा ह्यांनीच साहेबाच्या मिनतवाऱ्या करून त्यांना तिथं झाडलोटीला लावलं. खोलीही आमच्या शेजारचीच, मधे एक भिंत.

वन्संची जीभ म्हणजे नुसती सुरी. ओल्या फरशीवरून बूट घालून निघालेल्या विभागप्रमुखाला त्यांनी मागं फिरवलं होतं. म्हणून कामगारांनी त्यांना विद्यापीठाच्या मंडळावर निवडून दिलं. तिथं कुलगुरू, बडे बडे प्रोफेसर, आणि एक खुर्ची कामगारांची. सभेला जाण्याआधी वन्सं बॉयलरच्या दारात येऊन सगळ्यांना विचारायच्या, काय बोलू तुमच्या वतीनं. तसं बोलून यायच्या.

मग मंडळापुढं ठराव आला. पुढच्या पिढ्यांसाठी हवा-पाणी राखायचं, विद्यापीठानंच आधी करून दाखवायचं, कोळसा बंद, पाणी तापवायला गच्चीवर सूर्याच्या पाट्या. भट्टीवरच्या माणसांना दुसरी कामं देऊ म्हणाले. ठरावात वाईट काहीच नव्हतं, तीच तर पंचाईत. त्या दिवशी वन्सं दारात आल्या, तर बाकीचे ह्यांच्याकडं बघायला लागले. हेच म्हणाले, "ठमे, बाकीचे हात वर करतीलच. तू करू नकोस."

त्यांनी ऐकून घेतलं. पदर सावरून निघून गेल्या.

ठराव झाला. सगळेच बाजूनं होते, वन्संचा हात मोजला नसता तरी चाललं असतं. पण फलकावर फोटो लागला आणि त्यात सगळ्यांत उंच हात वन्संचा.

संध्याकाळी त्या आल्या, तेव्हा हे नळावर हात धूत होते. वन्सं म्हणाल्या, "दादा, भिंतीपलीकडून तुझा खोकला ऐकते मी. रुमालात काळं पडतं तुझ्या, ते वहिनीनं दाखवलं मला."

"खोकला माझा होता," हे म्हणाले. "तुला विचारलं होतं मी?"

नळ बंद केला आणि आत गेले. वन्संशी ते शेवटचं बोलणं.

ह्यांना फाटकावर बसवलं. गाडी आली की दांडा उचलायचा. हळूहळू खोकला थांबला, अंग भरलं, डॉक्टर म्हणाले छाती साफ आहे. वन्सं रोज त्याच फाटकातून कामावर जायच्या आणि हे त्या वेळी नेमके पाय खाजवायला वाकायचे. बहिणीनं ह्यांना श्वास मिळवून दिला, आणि त्यातला एक शब्द तिच्यावर खर्च करायला हे तयार नाहीत. काही निरोप असला तर मला म्हणायचे, "त्यांना सांग." जिच्या वेण्या घातल्या ती "त्यांना" झाली. मी कधी भांडले, कधी रडले, कधी दोघांचं जेवण एकाच ताटात वाढलं. हे उपाशी उठले.

अशी वर्षं गेली, आणि यंदा वन्संनी अंथरूण धरलं. मला म्हणाल्या, "दादा येईल का गं?" मी येऊन सांगितलं. ह्यांनी शर्ट बदलला, चपला घातल्या आणि दाराजवळच्या स्टुलावर बसले. बराच वेळ बसून राहिले. मग चपला काढल्या. म्हणाले, "उद्या जातो."

सकाळी भिंतीपलीकडं काही उरलं नव्हतं.

विद्यापीठानं मोठ्या हॉलमधे शोकसभा घेतली. भाषणं चांगली झाली, पुढच्या पिढ्या वगैरे. हे मागं भिंतीला टेकून उभे. एका तरुण साहेबानं आदरानं विचारलं, आपण बाईंचे कोण?

हे भिंतीपासून सरळ झाले. म्हणाले, "मी बॉयलरवर होतो."

"इथं बॉयलर होता?" साहेबाला खरंच ठाऊक नव्हतं.

मी पुढं होऊन सांगितलं, भाऊ आहेत. मग त्या साहेबानं हाताला धरून ह्यांना पहिल्या रांगेत नेऊन बसवलं. सभा संपली, लोक गेले, खुर्च्या उचलणारे आले, तरी हे उठेनात. मी त्या माणसांना म्हटलं, ही एक राहू द्या.