वजा माणसांची रांग

नववीत शाळा सोडलेल्याला बोईसरात कॉम्प्युटरसमोर खुर्ची मिळते, यावर माझा अजून विश्वास बसत नाही. औषधांच्या दुकानावर आमचं ऑफिस. सर शिकलेले इंजिनियर, मी मोबाइलवर बघून बघून तयार झालेला. सरांनी सर्टिफिकेट मागितलं नाही, हे उपकार मी विसरत नाही. आणि कधीतरी मागतील या धास्तीनं सगळ्यांच्या आधी येऊन झाडूही मारतो.

तेव्हा तारापूरच्या एका कारखान्याच्या गेटवरची हजेरी आमच्याकडे आली होती. पास टेकवला की पडद्यावर नंबर, हिरवा दिवा, माणूस आत. नंबर दहा आकडी, सुरुवात पास काढल्याच्या सालाच्या शेवटच्या दोन आकड्यांनी. कायम कामगारांचे पास दोन हजार वीसचे. ते झोकात आत जात. बावीसपासून पुढचे सगळे ठेकेदाराचे, कारण त्यानंतर तिथं कोणी कायम झालंच नव्हतं. त्यांनी पास टेकवला की नंबर भलताच, त्याच्याआधी आडवी रेघ, आणि लाल दिवा. माणूस वजा.

सरांनी पाहताक्षणी दुखणं ओळखलं. जुन्या कोडमध्ये नंबर ठेवायला डबा लहान घेतलेला. दोनशे चौदा कोटींच्या थोडं पुढे गेलं की आकडा त्यात मावत नाही, उलटा फिरून वजा होऊन बाहेर पडतो. मशीन बसवताना तपासणी झाली होती, पण साहेबांच्या वीसच्या पासांवर.

"मोठा डबा लावायचा, बस्स," सर म्हणाले. "पण चालू मशीनला हात लावायला कारखान्याच्या हेड ऑफिसची परवानगी लागते."

परवानगी येईना, तशी कारखान्यानं वजा माणसांची वेगळी रांग केली. रांगेला फळा आला, फळ्याखाली टेबल, टेबलामागं एक साहेब. कुंभवलीचा वॉचमन घसा फोडून ओरडे, "वजावाले तिकडं! हितं उभं राहायचं नाय!" हिंदीवाल्यांसाठी वेगळं, "माइनसवाले, साइड में!"

त्या रांगेत माझी शेजारीण असे. सरावलीत आमच्या खोल्या लागून. मी त्यांना मावशी म्हणतो. माझ्यासारख्याच मराठवाड्याकडच्या, कारखान्यात पॅकिंगला. मी इकडे नवा आलो तेव्हा त्यांच्याच भाकरीवर तगलो. वजा रांग सरकायची मुंगीसारखी, भोंगा मात्र वेळेवर वाजायचा. मावशी रोज लेट. शेवटी ठेकेदारानं तंबी दिली, आणखी एकदा लेट झालात की पास जमा करायचा आणि घरी बसायचं.

"लेकरा, तुझ्याच मशीननं मला वजा केलं ना? मग कर की अधिक."

"परवानगी नाही आली, मावशी."

"माझी भाकर खाताना घेतली होतीस का रं परवानगी?"

मी सरांना भीत भीत विचारलं, आपणच बदलून टाकायचं का? सर म्हणाले, "आणि उद्या गेटच उघडलं नाही तर? तुझी खुर्ची जाईल, माझीही." मी परत खुर्चीत जाऊन बसलो.

मग कारखान्यात मीटिंग झाली. मोठे साहेब म्हणाले, "मशीनला हात लावता येत नाही ना? मग माणसांचे नंबर बदला. सगळ्यांना वीस सालचे पास द्या."

सरांनी तोंड उघडलं. साहेब म्हणाले, "तुम्ही फक्त छापा."

आम्ही छापले. दुसऱ्या दिवशी सगळीकडे हिरवं. वजा रांग गेली, टेबल राहिलं, टेबलामागचे साहेबही राहिले. मावशी भोंग्याच्या आधी आत.

तेवढ्यात ठेकेदार घाम पुसत आला. वीसचा पास म्हणजे वीसपासूनची नोकरी! उद्या कोणी तो घेऊन कोर्टात गेलं, कायम करा म्हणालं, तर? हे टाळायलाच तर तो अधूनमधून फर्मचं नाव बदलून सगळ्यांना नवे पास वाटत असे. मावशींच्या पासावर साल तेवीस. त्या तिथे खोकी भरत होत्या वीसच्याही आधीपासून. खऱ्याच्या त्यातल्या त्यात जवळ गेलेला पास आम्ही छापलेला खोटाच होता.

अडलेली परवानगी त्याच दुपारी फोनवर आली. सरांनी मला खुर्चीत बसवलं, स्वतः मागं उभे राहिले. कोडमधल्या दोन ओळी आणि हजेरीच्या तक्त्यातला एक रकाना, एवढंच बदलायचं होतं. मी एकेक अक्षर तपासत बदललं. या वेळी तपासणीला मावशींचा तेवीसचा पास घेतला.

सकाळी ठेकेदार आणि पोतं घेतलेला त्याचा माणूस गेटवर, मी मशीनपाशी. आधी जुना पास टेकवा, मग वीसचा पोत्यात टाका. मावशींनी टेकवला. नंबर अख्खा, रेघ नाही, दिवा हिरवा.

"आता वीसचा."

"हरवला."

"कालच तर दिला होता!"

"कालच हरवला."

मागची बाई म्हणाली, तिचा नळावर पडला. तिच्या मागचा म्हणाला, "मेरा भी गुम हो गया, सेठ." ठेकेदारानं माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घालून मशीनची वायर नीट करू लागलो.

भोंगा वाजायच्या आत रांग संपली. पोत्याचा तळसुद्धा झाकला गेला नव्हता.