जोखीम क्रमांक एक

वालूरजवळ शेतकऱ्यांनी मिळून काढलेली आमची कंपनी: एक गोदाम, एक दाळमिल आणि बाजार समितीच्या निवडणुकीपेक्षा जास्त भांडणारे संचालक. मी तिथं हिशोब लिहायचे आणि वर्षाअखेरी त्याच हिशोबाचं अंतर्गत लेखापरीक्षणही करायचे. म्हणजे काय, तर हिरवा पेन घेऊन बसायचं. पावती आहे? टिक. सही आहे? टिक. स्वतःच्याच अक्षराला इतक्या मनापासून बरोबर म्हणायची संधी फार थोड्यांना मिळते.

मग पुण्याच्या एका मोठ्या खरेदीदारानं अट घातली की तपासणी जोखीम पाहून करा, नाहीतर डाळ घेणार नाही. संचालकांनी मला संभाजीनगरला प्रशिक्षणाला पाठवलं. तिथले सर पहिल्याच दिवशी म्हणाले, "काय झालं ते सगळेच तपासतात. काय होऊ शकतं, ते विचारायला शिका." प्रत्येक धोका घ्यायचा, तो घडण्याची शक्यता पाचपैकी किती, घडला तर फटका पाचपैकी किती, दोन्हींचा गुणाकार करायचा. ज्याचा आकडा मोठा, तिथं आधी जायचं. मला हे इतकं आवडलं की परत येताना अख्ख्या एसटीला मी गुण देत आले. ड्रायव्हरच्या मोबाईलला बारा, मागच्या दाराला सोळा.

घरी आल्यावर आईनं कुकर लावला. मी विचारलं, "शिट्टी अडकली तर?"

"शिट्टीचं मी बघते," आई म्हणाली, "तू लग्नाचं बघ."

सोमवारी संचालकांची बैठक बोलावली. गोदामाच्या पुढच्या खोलीत फळा लावला आणि मी मोठ्या उत्साहानं म्हणाले, "आपल्या कंपनीत काय काय वाईट होऊ शकतं ते सांगा."

अध्यक्षांना आम्ही आबा म्हणतो. त्यांनी बशीतला चहा संपवला आणि म्हणाले, "ताई, चांगल्या चाललेल्या कंपनीत असं अभद्र कशाला बोलायलात? काई होत न्हाई."

"आमी रोज उदबत्ती लावतो," दुसरे म्हणाले.

शुभ बोल नाऱ्या म्हणतात, त्यातला नाऱ्या मी झाले होते. ही अडचण सरांच्या पुस्तकात कुठं नव्हती. मी खडू खाली ठेवला आणि वेगळं विचारलं, "बरं, गोदामाला कुलूप लावून घरी निघाल्यावर कशाच्या आठवणीनं परत फिरावं वाटतं?"

मग धरणाचे दरवाजे उघडल्यासारखं झालं. उंदरांनी कुरतडलेली मोटारीची वायर. ओली तूर कोरड्या थप्पीत घुसली तर. डाळ निवडायचं सॉर्टेक्स मशीन एकाच माणसाला चालवता येतं आणि तो रुसका आहे. फळा भरला. आणि गुण द्यायची वेळ आली तेव्हा तर मंडळींना चेवच आला.

"उंदराला पाचपैकी पाच!"

"पाच कशे? मांजर हाय की."

"ते मांजर दूध पिऊन थप्पीवर झोपायलंय. त्यालाच जोखीम म्हणून लिवा!"

महिला बचत गटाच्या प्रमुख मावशी एवढा वेळ ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "आन मॅडम, तुमी गेलात तर?"

"मी कुठं जाते?"

"खरेदीच्या नोंदी तुमी करता. टॅक्सचं तुमीच भरता. बँकेचा ओटीपी तुमच्या फोनवर. उद्या तुमी न्हाईत, तर आमी काय करावं?"

कुणीतरी आनंदानं ओरडलं, "फटका पाचपैकी पाच!"

"शक्यता एक," मी घाईघाईनं म्हणाले.

"एक कशी?" आबा म्हणाले. "तुळशीचं लग्न झालं. आता माणसांचीच पाळी हाय." आणि मी थांबवायच्या आत त्यांनी माझ्या वडिलांना फोन लावला. स्पीकरवर.

"गुरुजी, आमी बैठकीत हावोत. ताईच्या लग्नाची शक्यता पाचपैकी किती धरावी?"

वडील क्षणभर गोंधळले. मग फार आदरानं विचारलं, "मुलगा काय करतो?"

खोलीत हशा फुटला. आबांनी सगळं समजावून सांगितल्यावर वडील विचार करून म्हणाले, "मग चार धरा. रविवारी जिंतूरकडचे पाहुणे येणार आहेत."

हे मला तिथंच, सगळ्यांसोबत कळलं. वीस गुण. उंदीर दुसऱ्या नंबरवर गेले आणि मला माझ्याच हातानं फळ्यावर लिहावं लागलं: जोखीम क्रमांक एक, लेखापाल मॅडमचं लग्न.

आधी राग आला, मग थोडा मानही वाटला, कारण पंचवीसपैकी वीस मला कुठल्याच परीक्षेत मिळाले नव्हते. घरी जाताना मात्र तोच आकडा टोचायला लागला. माझ्यावाचून अडतं, याच आधारावर मी त्या कंपनीत ताठ मानेनं वावरत होते, आणि तेच आता जोखीम ठरलं होतं.

इलाज दुसऱ्या दिवशी मावशींनीच सुचवला. "आबा, तुमची सून बीकॉम हाय ना? तिला शिकवा."

आबा खाकरले. "मग घरचं कोण बघंल?"

"ती जोखीम तुमच्या घरच्या फळ्यावर लिवा."

सून पुढच्याच आठवड्यात आली. माझ्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठी, कमी बोलणारी. मला जे शिकायला वर्ष लागलं ते तिनं तुरीचा हंगाम सुरू व्हायच्या आत उचललं. मला ते बघवत नव्हतं आणि शिकवल्याशिवाय राहवतही नव्हतं.

मधल्या त्या रविवारी पाहुणे आले होतेच. पोहे झाल्यावर मुलाच्या आईनं मला म्हटलं, "तुला काही विचारायचं असंल तर विचार." माझ्या तोंडून निघून गेलं, "तुमच्या घरी काय काय बिघडू शकतं?"

वडिलांना ठसका लागला. मुलगा मात्र गंभीरपणे विचारात पडला. म्हणाला, "उन्हाळ्यात बोअर आटतो. मी लय घोरतो. आणि आईला राग आला की ती बोलत नाही, भांडी वाजवते." त्याची आई हातातली बशी जपून खाली ठेवायला लागली आणि मला हसू आवरेना. आम्ही दोघांनीही होकार दिला.

लग्न ऐन तुरीच्या गर्दीत लागलं. हळदीच्या दिवशी कंपनीतून एकही फोन आला नाही, तेव्हा मीच केला. "सगळं ठीक?"

"ठीक," सून म्हणाली. "तुमी हळद वाळू द्या की."

आता मी जिंतूरच्या सासरहून आठवड्यातले काही दिवस येते. हिशोब ती लिहिते, मी तपासते. लिहिणारा आणि तपासणारा एकच माणूस नसावा, हे सरांनी सांगितलं होतंच. परवा ओल्या मालाच्या नोंदीवर मी तिला लेखी आक्षेप दिला. दुपारभर ती मशीनपाशी जाऊन आली, हमालांशी बोलली, ओलावा मापून पाहिला, आणि माझ्या कागदावर खाली ठसठशीत अक्षरात लिहून दिलं, "मान्य नाही." पुढं पानभर कारणं. मी ती दोनदा वाचली. तिचं बरोबर होतं.